मामांची प्राथमिक पाहणी

आमच्या मामांइतकं पायी चाललेलं भंडारा जिल्ह्यात दुसरं कुणी नसेल, आणि असलंच तर ती वैनगंगा. सरकारी मोजणीदार म्हणून त्यांनी सगळी नोकरी वावरावावरांतून काढली. पुढं साखळी धरणारा माणूस, मागं डोक्याला पंचा बांधलेले मामा, आणि त्यांच्याही मागं एकमेकांकडं न बघणारे दोन भाऊ, अशी वरात या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांनी पाहिली आहे. निवृत्तीनंतर साखळी सरकारजमा झाली, पण मोजायचं व्यसन काही जमा झालं नाही. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं पडतं असा त्यांचा दावा आहे, आणि तो खोटा ठरवायची कुणाची हिंमत नाही. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाच्या कडेनं तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत फिरत होते. अक्षता पडल्या, लोक जेवायला पळाले, आणि मामा माझ्या कानाशी येऊन आशीर्वादाच्या सुरात म्हणाले, "बाबू, मांडव दक्षिणेकडं सव्वा फूट वाकडा हाय. पण आता झालं तं झालं."

माणसांना ते नावानं ओळखत नाहीत, जमिनीनं ओळखतात. माझ्या मामेबहिणीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक वैशालीला, शहापूरचं स्थळ आलं तेव्हा मामी विचारून विचारून थकली की माणसं कशी आहेत. मामा सगळा विचार करून म्हणाले, "उत्तरेला पाण्याची बोडी हाय, पूर्वेला गाडीरस्ता. वावर चौकोनी हाय. चौकोनी वावराचे लोक भांडत नाहीत." ते स्थळ पुढं जमलं नाही आणि वैशाली पुण्याला नोकरीला गेली; पण मामा अजूनही त्या रस्त्यानं गेले की त्या वावराकडं हुकलेल्या जावयाकडं बघावं तसं बघतात. मोटारसायकलवर ते बसत नाहीत. "गाडीवरून जमीन दिसत नाही, फक्त मागं पळते," असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी कोंढा गावातल्या घरून निघायचं, तलावाच्या मातीच्या पाळीवरून पलीकडच्या शिवारात जायचं, दोन वावरांमधला धुरा कुणी किती कोरला ते डोळ्यांनी टिपायचं, आणि जेवायच्या वेळेला घरी यायचं. ही वेळ दुपारी बारापासून चारपर्यंत कधीही असू शकते. चाळीस वर्षं मामीनं रोज भात दोनदा गरम केला आहे.

असा माणूस गेल्या दिवाळीनंतर त्याच पाळीवरून घसरला. दवानं गवत ओलं होतं, पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही. मामांना जमिनीपासून दीड महिना लांब ठेवणं म्हणजे माशाला झाडावर बसवणं. पहिल्या आठवड्यात त्यांनी पडल्या पडल्या छताचे लाकडी फाटे मोजले, दुसऱ्या आठवड्यात फरशीच्या रेघा. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मामीला सांगितलं की तिच्या स्वयंपाकघराचा ओटा भिंतीशी काटकोनात नाही. मामीनं हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि रजा काढून आलेल्या वैशालीला बाहेर बोलावलं. "माय, यायले कायीतरी खेळनं आनून दे," ती म्हणाली, "नाहीतं मी तरी घर सोडतो, नाहीतं ओटा तरी फोडतो."

वैशालीच्या पिशवीत हातात धरून खेळायचं एक यंत्र होतं. मधे वहीएवढा पडदा, दोन्ही बाजूंना बोटांनी फिरवायच्या दोन बोंड्या आणि चार-सहा कळा. ती स्वतः पुण्यात सुट्टीच्या दिवशी खेळायची. तिनं ते मामांच्या हातात दिलं. त्यातला खेळ असा: लाल ओढणी गुंडाळलेली एक मुलगी, हातात कंदील आणि काठी. तिच्या गावच्या देवळातली घंटा कुणीतरी पळवून नेली आहे, आणि ती शोधत तिला सात खोरी पार करायची आहेत. वैशाली म्हणाली, "बाबा, यात मोकळं फिरता येते. खूप मोठा प्रदेश आहे."

"किती मोठा?"

"खूप."

"खूप हे माप नाही," मामा म्हणाले. पण यंत्र त्यांनी परत दिलं नाही.

मी भंडाऱ्याला शाळेत शिकवतो. रविवारी कोंढ्याला जायचा माझा रिवाज होता, त्यामुळं मामांच्या त्या प्रदेशातल्या पहिल्या दिवसांचा मी साक्षीदार आहे. खेळाच्या सुरुवातीलाच एक दाढीवाला म्हातारा मुलीला घंटा चोरीला गेल्याचं सांगतो. मामांचा पहिला प्रश्न: "पंचनामा झाला का?" तो काही झालेला नव्हता. मग घंटेच्या मागं धावण्यात अर्थच नव्हता. मामांनी पहिले आठ दिवस मुलीला गावाच्या शिवेवरून फिरवलं. बोंडी एकदा पूर्ण दाबली की ती किती पावलं टाकते ते ठरवलं, कुंपणाच्या खांबांवरून प्रमाण काढलं, आणि मामीकडून पोळपाट मागून घेऊन त्यावर आलेख कागद टाचला. दुपारी मुलीची सावली कुठं पडते ते रोज पाहून त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, "तिथं भर उन्हाळा हाय, तरी सावली उत्तरेला पडून राहिली. म्हणजे हा मुलूख कर्कवृत्ताच्या वर हाय. आपल्याकडला नाही."

त्या मुलखात पेट्या ठेवलेल्या असत. पेटी उघडली की आत उपयोगाची वस्तू मिळते, आणि या खेळात सगळे लोक पेट्याच उघडत सुटतात म्हणे. मामांनी एकही उघडली नाही. "दुसऱ्याची पेटी हाय," एवढंच. मडकी फोडली की त्यातूनही काही निघतं, असं पुण्याला परतलेल्या वैशालीनं फोनवर सांगितलं, तेव्हा ते तिच्यावर रागावले. कुंभाराच्या घरात शिरून मडकी फोडायला आपण पोटच्या मुलीला शिकवलं नव्हतं. वाटेत दलदलीतून दात विचकत हिरवट प्राणी अंगावर येत. त्यांना काठीनं मारायचं असतं. मामा मुलीला थांबवून आधी त्यांचं निरीक्षण करत आणि मग लांबच्या वाटेनं वळसा घालून नेत. मी विचारलं, "मारत का नाही?" तर म्हणाले, "ते तिथं पयलेपासून राहून राहिले. वहिवाट त्यायची हाय. आपण उपरे."

मामी सुरुवातीला दारातूनच बोलायची. "म्हातारपणी डबडं कुरवाळून राहिले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. पण लाखोळीची डाळ निवडायला बसायचं ते कुठंही बसता येतं, म्हणून एक दिवस ती सुपासकट बाजेशेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं तिनं पडद्यावर नजर टाकली आणि विचारलं, "अवो, हे पोट्टी सकाळपासून चालून राहिली. जेवली का?"

मामा चमकले. हा मुद्दा त्यांच्या पाहणीतून सुटला होता. मग दोघांनी मिळून नदीकाठी एक मासा धरला, जाळ शोधला आणि तो भाजून मुलीला खाऊ घातला. "नुसता भाजला," मामी हळहळली, "ना तिखट, ना मीठ." तेव्हापासून रोज दुपारी ती सूप घेऊन येऊ लागली. मी रविवारी गेलो की मला दारातूनच दोघांचे आवाज ऐकू येत. "तिकडं नका नेऊ, काळोख हाय." "कंदील हाय ना तिच्यापाशी." "कंदील असला म्हनून का झालं, बाईमानूस एकली." इतकं बोलताना मी त्या दोघांना माझ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

एकदा वैशालीनं फोनवर सहज विचारलं, "बाबा, गेम कसा वाटला?" तेवढ्या प्रश्नाला मामांनी आठवड्याची मुदत मागून घेतली. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या हातात चार फुलस्केप कागद ठेवले, पुण्याला पाठवायला. वर ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून, "प्राथमिक पाहणी अहवाल" असं शीर्षक होतं. तो मी भंडाऱ्याला परतल्यावर इतक्या वेळा वाचला की त्यातले काही भाग मला पाठ आहेत. "सदर प्रदेश निसर्गतः सुस्थितीत आहे. शिवारात एकही धुरा नाही, त्यामुळे भांडणे नाहीत. मात्र त्यामुळेच शेतीही नाही. रहिवासी काय खातात याचा खुलासा होत नाही." पुढं: "तळ्याच्या पाळीचे काम उत्तम आहे, परंतु सांडवा दिसून आला नाही. पहिल्या मोठ्या पुरात पाळ फुटेल." मग: "मुलीच्या आईवडिलांचा ठावठिकाणा नमूद नाही. त्यांची संमती घेतल्याचे दिसत नाही." आणि अगदी शेवटी, निळी शाई संपली म्हणून लाल शाईत लिहिलेलं: "उजवीकडील खालची कळ दाबली असता मुलगी उडी मारते. डोंगराच्या कडांना कठडे नाहीत. सबब ही कळ काढून टाकावी, अशी शिफारस आहे." वैशालीनं तो अहवाल मैत्रिणींना वाचून दाखवला. त्या हसून लोळल्या, आणि आम्हीही हसलो. शेवटच्या शिफारशीवर तर सगळ्यांत जास्त हसलो.

दीड महिना संपला. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की हाड छान जुळलं, आता वॉकर धरून रोज चालायचं. वॉकर आला आणि बाजेशेजारी उभा राहिला. पहिल्या दिवशी मामा म्हणाले, आज पश्चिमेकडचं खोरं राहिलं आहे. दुसऱ्या दिवशी नकाशाला शाई फिरवायची होती. मग थंडी होती. मग पायात गोळा येत होता. आठवड्याभरानं वॉकरवर मामांचा पंचा वाळत होता, दोन आठवड्यांनी मामीचं लुगडंही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं की महिन्याभरात हे उठले नाहीत तर स्नायू आखडतील, आणि मग उठायचं म्हटलं तरी उठवणार नाही. मी आल्यावर मामी मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बाबू, ते डबडं घेऊन जाय. मले वाटलं होतं जीव रमला. पन त्या पोट्टीले चालवता चालवता स्वतः चालनंच भुलले."

वैशालीला मी फोन केला. तिला रडू आलं. आपणच ते यंत्र दिलं याचं तिला वाईट वाटत होतं. "दादा, तू ते घेऊन जा," ती म्हणाली. "नाराज होतील, होऊ दे."

तेव्हा त्या दिवशी मी मामांच्या खोलीत गेलो तो खरोखर यंत्र काढून घ्यायच्या तयारीनं. दुपारचं ऊन खिडकीतून बाजेवर आलं होतं. मामांच्या हातात यंत्र होतं, पण बोंड्या हलत नव्हत्या. पडद्यावर ती मुलगी एका कड्याच्या टोकाला उभी. समोर दरी, दरीवर मधोमध तुटलेला लाकडी पूल. अलीकडचा सगळा मुलूख मोजून झाला होता. पोळपाटावरच्या नकाशात आता फक्त पलीकडची बाजू कोरी होती. तिथं जायला उडी मारण्याशिवाय वाट नव्हती.

"किती दिवस इथं आहे ही?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

"मग मारा की उडी."

"दुसऱ्याच्या पोरीले दरीत ढकलू?" असं म्हणून मामा हसले, पण हसू ओठांपलीकडं गेलं नाही. मग त्यांनी यंत्र माझ्यापुढं केलं. "तू मार. मी डोळे मिटतो."

त्यांनी खरंच डोळे मिटले. मला हे खेळ येत नाहीत. मी कळ दाबली, मुलगी उडाली, पुलाच्या तुटक्या टोकाला हात लागतो न लागतो तोच खाली गेली.

"पोचली?"

"पडली. पण परत इथंच उभी आहे, बघा."

मामांनी डोळे उघडले. मुलगी कड्यावर पहिल्यासारखीच उभी होती, ओढणी वाऱ्यावर हलत होती. मग त्यांनी विचारलं, "हिले उचललं कोनं?"

"कुणी नाही. आपली आपण उठली."

"कोनी पायलं?"

"कोण बघणार, मामा? आपण दोघंच तर आहोत."

"तेच तं," ते म्हणाले. आणि मग पडद्यावरून नजर न काढता, एखादी हद्द वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी मामीलाही सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी मी दोन-अडीच घंटे पाळीखाली पडून होतो, बाबू. आवाज देल्ला असता तं कोनी आलं असतं. पन लाज वाटली. मग ढोरं चारनाऱ्यानं पायलं. चौघांनी बाजेवर टाकलं अन् गावातून आनलं. पूर्न गावातून. धोतर ओलं झालं होतं माझं. ज्यायच्या ज्यायच्या वावरात उभं राहून मी हद्दी दाखवल्या, ते सारे आपापल्या दारात उभे होते. कोनी हासलं नाही. हासले असते तं बरं झालं असतं." त्यांनी यंत्र मांडीवर ठेवलं. "मले दुखाची भीती नाही. पडलो अन् पुन्हा उचलाले मानसं आले तं... मग मी कायले उठू?"

मी वॉकरवरचा पंचा आणि लुगडं काढून त्यांची घडी घातली, एवढंच केलं. मामा माझ्याकडं पाहत होते. मग म्हणाले, "एक अट हाय. आंगनात कोनी थांबायचं नाही. तू नाही, तुयी मामी नाही. फाटक लावून घे. दोघं आत बसा."

मी त्यांना वॉकरसकट अंगणापर्यंत नेऊन सोडलं, फाटकाला कडी घातली आणि आत येऊन मामीशेजारी स्वयंपाकघरात बसलो. दार लोटलेलं. बाहेरून वॉकरची टकटक ऐकू येऊ लागली. टक, मग थांबणं, मग पाय घासल्याचा आवाज. मामीच्या हातात सूप होतं, पण बोटं डाळीत नुसती ठेवलेली. टकटक तुळशीपर्यंत गेली असावी, वळली असावी. आणि मग एकदम खण्णकन वॉकर आपटला आणि त्याच्यापाठोपाठ काहीतरी जड पडलं.

मी ताडकन उठलो. मामीनं माझा हात धरला. पकड अशी की मला हलता येईना. ती दाराकडं तोंड करून ओरडली, "उठता का येऊ?"

बाहेर चिमण्या तेवढ्या भांडत होत्या. मामीचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की आणखी काय, कोण जाणे.

"येऊ नको," बाहेरून आवाज आला. धापा टाकत, पण मोजणीदाराचा. "उठून राहिलो."

किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. वॉकर फरफटला. भिंतीला हात घासल्यासारखं झालं. एकदा मामा कण्हले आणि मामीनं डोळे घट्ट मिटून घेतले, पण माझा हात काही सोडला नाही. मग पुन्हा, टक. आणि पाय घासल्याचा आवाज. मामीनं सूप बाजूला ठेवलं, चुलीकडं तोंड फिरवलं आणि चहाचं आधण चढवलं. साखर किती घातली ते तिला कळलं नसावं. तो चहा आम्ही तिघांनी प्यायला आणि गोडाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मामांच्या कोपराला खरचटलं होतं. त्याकडं बघायचं नाही, हे आम्हा दोघांनाही न सांगता कळलं.

त्यानंतर मामा रोज चालू लागले. आधी फाटक लावून, मग फाटक उघडं ठेवून. उन्हाळा लागेपर्यंत वॉकर गेला आणि काठी आली. एका रविवारी त्यांनीच सांगितलं की मुलगी पुलापलीकडं पोचली. नऊ वेळा पडली, दहाव्यांदा पोचली. मी विचारलं, पलीकडं काय आहे? "डोंगर हाय. लय चालनं हाय," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. यंत्र ठेवलं ते ठेवलंच. घंटा कुणी नेली ते आजवर आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही. भाताची रोवणी सुरू झाली तेव्हा मामा काठी टेकत टेकत बांधीच्या धुऱ्यावर उभे होते, आणि ज्यांच्या दारांवरून त्यांची बाज गेली होती तीच माणसं चिखलात उभी राहून त्यांना विचारत होती, मामाजी, हा धुरा सरळ हाय ना? मामांनी मान तिरकी करून पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

परवा मी असाच अवचित गेलो, तर मामा घरी नव्हते. वेळ जेवणाची होऊन गेली होती आणि भाताचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. मामी रिकाम्या बाजेवर एकटीच बसली होती. मी म्हटलं, "बरं झालं ना मामी, परत पहिल्यासारखे फिरायला लागले."

"झालं तं," ती म्हणाली. "देवाची कृपा हाय." मग बाजेची सैल झालेली दोरी बोटानं ओढत राहिली. "पन बाबू, लगन झाल्यापासून ते तीन महिनेच काय ते हा मानूस मले घरात सापडला." एवढं बोलून ती स्वतःच ओशाळली. उठली, फडताळातून पिशवी काढली आणि त्यातलं ते यंत्र माझ्यापुढं धरलं. "याले चालू करून दे. मले खेळता येत नाही. खेळनार नाही मी."

मी ते वायरीला लावलं. थोड्या वेळानं पडदा उजळला. डोंगराच्या पायथ्याशी, एका मोठ्या झाडाखाली ती मुलगी उभी होती. गवत हलत होतं, लांब कुठंतरी पाणी वाहत होतं. मी विचारलं, कुठं नेऊ हिला? मामीनं यंत्र माझ्या हातातून घेतलं, पदरानं पडदा पुसला आणि कुठल्याही कळेला बोट न लावता ते मांडीवर घेऊन बसली.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "सावली चांगली हाय."